ऐकणाऱ्याचा गुरुवार

माझा मित्र वर्षभर दर गुरुवारी माझ्याकडे बोलायला येत होता, आणि वर्षभर मीच बोललो.

आता माझंही फार चुकलं नाही. ऐकण्यात त्याच्या तोडीचा माणूस सोलापुरात झालेला नाही. पेशानं तो समुपदेशक. पण पाटी लागायच्या कितीतरी आधी, आम्ही सातवीत एका बाकावर होतो तेव्हापासून लोक त्याच्यापाशी मन मोकळं करत आलेत. गणिताच्या सरांनी त्याला छडी मारायला म्हणून पुढं बोलावलं आणि अर्धा तास स्वतःच्या अडलेल्या बढतीचं दुःख सांगितलं. रिक्षात बसला की सात रस्ता चौक येईपर्यंत रिक्षावाल्याची सगळी भाऊबंदकी ऐकून व्हायची. उतरायचं ठिकाण मागं पडलं तरी हा ‘हं, मग?’ म्हणत पुढंच. न्हावी मध्येच वस्तरा ठेवून डोळे पुसायला लागायचा, म्हणून याची दाढी कायम एकाच गालाची झालेली.

समुपदेशनाच्या खोलीत त्यानं कागदी रुमाल कधी ठेवले नाहीत. “आपली माणसं वीस वर्षांचं साठवून एकदाच रडतात, त्याला कागद कुठं पुरतोय?” म्हणून टेबलावर इथल्याच मागावरच्या टॉवेलांची चवड. रडून झालं की माणूस टॉवेल खांद्यावर टाकून सरळ घरी जायचा. हा परत मागायचा नाही. “लागेल त्याला,” म्हणायचा.

एकदा म्हणाला, “आमच्या पेशात ऐकणाऱ्यानंही कुणाकडं तरी जाऊन बोलायचं असतं, रे. नाहीतर आत साचतं. पण इथं मी कुणाकडं जाऊ?”

“मी आहे की!” मी छाती पुढं काढून म्हणालो. तिथून आमचा गुरुवार सुरू झाला. पाच वाजता जिन्यात त्याच्या चपला वाजायच्या. तो खुर्चीत टेकून “ऐक ना,” म्हणायचा, आणि मी चार दिवसांआड येणाऱ्या पाण्यापासून सुरू व्हायचो. तो इतकं छान ऐकायचा, की मला वाटायचं मीच त्याला बरं करतोय.

एका गुरुवारी म्हणाला, “हल्ली माझ्या स्वप्नात दुसऱ्यांच्या सासवा येतात. भांडतात. मी रात्रभर हं हं म्हणतो आणि दमून उठतो.” मी पोट धरून हसलो. “हे काहीच नाही, माझी सासू जागेपणी येते!” असं म्हणून पुढं पाऊण तास तिच्यावरच बोललो. बोलता बोलता बाहीनं डोळे पुसायला लागलो. त्यानं पिशवीतून टॉवेल काढून मला दिला. तो त्यानं घरून कुणासाठी आणला होता, हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही.

पुढच्या आठवड्यात तो आलाच नाही. जाऊन पाहिलं तर त्याच्या खोलीला कुलूप. वैराग गावी अक्काकडं, म्हणजे थोरल्या बहिणीकडं, गेला होता. तीन महिने झाले. अजून गुरुवारी पाचला मी दोन कप चहा टाकतो. जिन्यात चपला वाजतात, त्या वरच्या मजल्यापर्यंत निघून जातात. बोलायला माणसं आहेत हो घरात. पण ‘हं, मग?’ कुणी म्हणत नाही. आणि मी तरी ते त्याला कधी म्हणालो होतो?

शेवटी टॉवेल धुतला, घडी घातली आणि वैरागची एस.टी. धरली. वाटेत दहादा मनाशी घोकलं: आज गप्प बसायचं.

तो अंगणात बसला होता. वाळला होता. मी टॉवेल त्याच्या मांडीवर ठेवला आणि खरंच गप्प बसलो. टॉवेलाची घडी चाचपत तो म्हणाला, “एक बाई यायच्या माझ्याकडं. त्यांचं ऐकून घरी आलो, की मला जेवण…”

“जेवणाचं म्हणशील तर माझंही—” माझ्या तोंडून गेलंच.

अक्का सातवीपासून मला ओळखते. ती आतून कडक भाकरीची अख्खी चवड घेऊन आली आणि माझ्यापुढं आदळून म्हणाली, “तू ह्या चावत बस. तोंड भरलेलं आसंल तंवरच माझ्या भावाला बोलाय मिळंल.”