मावसाजींचं एकुलतं काडतूस

बुलढाणा जिल्ह्यात रानडुकरांमागे धावलेली माणसं पुष्कळ सापडतील, पण काडतुसांमागे जन्मभर धावलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे धाडचे मावसाजी. त्यांचे आजोबा पलटणीत होते. त्यांच्या मागे घरात एक जुनी लष्करी रायफल राहिली. मावसाजींनी पीक राखण्याच्या नावानं तिचा रीतसर परवाना काढला. बंदूक उत्तम होती. तिची काडतुसं बनणं मावसाजींच्या जन्माआधीच थांबलं होतं, एवढीच काय ती बारीकशी अडचण.

गावातलं कोणी तिरुपतीला निघालं की लोक प्रसाद आणायला सांगतात. मावसाजी काडतुसाची एक रिकामी पितळी पुंगळी रुमालात बांधून देत. "दर्शन झालं का बाजारात दाखवजो. अशी भेटते का इचारजो." शेजारच्या अण्णांना त्या पुंगळीपायी देवळाच्या दारातच तपासणीवाल्यांनी दुपारभर बसवून ठेवलं. गावात आल्यावर अण्णा तणतणत आले, तर मावसाजी अगदी शांतपणे म्हणाले, "ते जाऊ द्या बाप्पा. तपासणीवाल्याले इचारलं का?"

मुलासाठी मुलगी पाहायला ते वरवट बकालला गेले, तिथे मुलीचा काका माजी सैनिक निघाला. मग काय, कांदेपोहे गार झाले, मुलगी येऊन बसली, उठून गेली, आणि हे दोघं बंदुकीच्या नळीच्या आतल्या आट्यांवर बोलत राहिले. घरी मावशीनं विचारलं, "पोरगी कशी हाये?" मावसाजी आढ्याकडे पाहून म्हणाले, "काका लय चांगला हाये." त्या भांडवलावर लग्न ठरलं आणि सून लाखात एक निघाली. काकांकडून काडतूस मात्र मिळालं नाही, बंदूक खांद्याला अडकवायचा एक पट्टा मिळाला.

माझ्यावर या माणसाचे फार उपकार आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी मावसाजींच्या घरी राहून, त्यांचंच जेवून, धाडहून एसटीनं बुलढाण्याच्या कॉलेजात जात असे. त्याच्या बदल्यात त्यांनी एकदाच काही मागितलं. बी.ए.चा निकाल लागला, पेढा अजून माझ्या तोंडातच होता, तेवढ्यात ते म्हणाले, "आता काडतुसासाठी सरकारले इंग्रजीत अर्ज लिह्य." माझ्या पदवीचा पहिला उपयोग तो. उत्तर काही आलं नाही. "तुहं इंग्रजी त्याइले झेपलं नसंन," असं म्हणून त्यांनी उलट माझीच समजूत काढली.

विकत मिळेना, तेव्हा ते जुन्या पुंगळ्या स्वतः भरू लागले. परवान्यावर बारूद मिळे. ती जोखायला ते सोनाराकडे जात. सोनार म्हणे, "दाजी, हा सोन्याचा काटा हाये." "मंग? माही बारूद काय कांदे हायेत?" शिसं वितळवायला मावशीची फोडणीची पळी गेली, ती गेलीच. पण एकेक काडतूस असं देखणं होई, की पाहणाऱ्यानं हातात घेऊन फिरवत बसावं. "भरणीत आपला हात धरणारा पैदा व्हायचा हाये," असं ते कोणालाही, अगदी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा सांगत. पुढे पुंगळीच्या बुडाला बसवायच्या ठिणगीच्या टोप्या मिळेनाशा झाल्या, आणि भरलेलं असं एकच काडतूस उरलं. नातवंडांचा हात लागू नये म्हणून मावसाजींनी ते देव्हाऱ्यात ठेवलं.

मागच्या वर्षी परवान्याचं नूतनीकरण आलं. नवे ठाणेदार नियमाला पक्के. म्हणाले, "बंदूक चालत असेल तर परवाना. नसेल तर जमा करा."

मावसाजी दोन दिवस जेवले नाहीत. उडवावं तर काडतूस जातं, न उडवावं तर बंदूक जाते. शेवटी बंदूक जिंकली.

मळ्याच्या टोकाला मातीचा बांध होता, त्याच्यावर नेम धरायचं ठरलं. ठाणेदार, हवालदार, निम्मं गाव जमलं. लोकांनी म्हशी लांब नेऊन बांधल्या. मावशी कानात बोटं घालून माझ्याजवळ उभी. मावसाजींनी मिशीवरून हात फिरवला, श्वास रोखला आणि चाप ओढला.

खट्.

बांधावरचा बगळासुद्धा उडाला नाही. मावसाजी बराच वेळ तसेच नेम धरून उभे राहिले. मग त्यांनी काडतूस बाहेर काढलं. बुडाला एक तांदूळ चिकटला होता. त्यांनी ते नाकाशी नेलं. चंदनाचा वास माझ्यापर्यंत आला.

"अवो," मावशी एकदम बोलून गेली, "मी त्याले रोज देवासंगं आंघोळ..."

"तू चूप राह्य," मावसाजी म्हणाले. मी त्यांना तिच्यावर आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही तो चढलेला नव्हताच. ते ठाणेदारांकडे वळले. "साहेब, बंदुकीत खोट नाई. भरणी कच्ची राह्यली. माह्या हातची हाये."

गर्दीत ती भरणी आपल्या काट्यावर जोखून देणारा सोनार होता. त्यानं मान खाली घातली.

हवालदारानं बंदूक जीपमध्ये ठेवली. आम्ही पांदीच्या वाटेनं घराकडे निघालो. बंदूक वागवायच्या सवयीनं मावसाजींचा उजवा खांदा अजून जरा खाली होता. एरवी मावशी त्यांच्या चार पावलं मागे चालते. त्या दिवशी ती त्या खांद्याच्या बाजूनं, त्यांच्या बरोबरीनं चालत होती.