दुसऱ्या कडव्याआधीची बासरी

अमरावतीहून अकोल्याला जाताना बडनेरा मागे पडलं, की बाबा गाणी लावायला सांगतात. त्याआधी नाही. गर्दीत हॉर्न वाजवत ऐकण्याइतकी आपली गाणी स्वस्त नाहीत, असं त्यांचं म्हणणं. अकोल्याला आत्या राहते. महिन्यातून एखादा शनिवार आम्ही दोघं तिच्याकडे जेवायला जातो. आई येत नाही. तिची शाळा असते, आणि आमच्या गाडीतली गाणी ऐकून तिचं डोकं उठतं.

पूर्वी गाडी बाबा चालवायचे आणि मी शेजारी बसून गाणी बदलायची. आता मी चालवते आणि ते शेजारी बसतात. खेळ मात्र तोच आहे. ध्रुवपद संपलं की कडव्याआधी जो नुसता वाद्यांचा तुकडा येतो, त्यात कोणतं वाद्य आलं हे आधी ओळखायचं. ओळखणाऱ्यानं बोट वर करायचं आणि नाव सांगायचं. सतार, सारंगी, व्हायब्राफोन, मेंडोलिन. ज्याचं चुकेल त्यानं मूर्तिजापूरच्या टपरीवर उतरून चहा आणायचा.

हा खेळ बाबांनी माझ्यासाठी काढला होता. मी कॉन्व्हेंटमध्ये होते. शाळेत इंग्रजी, घरी वऱ्हाडी, आणि गाण्यांमधली मराठी-हिंदी ह्या दोन्हींपेक्षा वेगळीच. विरह, चांदणं, सजणी हे शब्द माझ्या कानावरून नुसते जायचे आणि मी गाडीत कंटाळायची. मग एकदा बाबा म्हणाले, शब्द सोड, मागं काय वाजून राहिलं ते सांग. विरह म्हणजे काय हे कळण्याच्या कितीतरी आधी मला सरोद आणि सतारीतला फरक कळत होता.

मला जे खरोखर आवडतं ते मी कुणाला सांगत नाही. पुस्तकाला कव्हर घालून वाचते. जपानी कॉमिक्स मोबाईलवर वाचते आणि कुणी जवळ आलं की स्क्रीन उलटी करते. ऑफिसात कुणी आवडतं गाणं विचारलं, तर सगळ्यांना ठाऊक असलेलं एखादं सांगून मोकळी होते. खरं नाव सांगितलं आणि समोरच्यानं नुसतं ‘बरंय’ म्हटलं, तर ते गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकता येत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणतात, हिच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नाही. ते ऐकून मला बरं वाटतं. बाबांच्या शेजारी बसून बोट वर करताना तेवढं मी काही झाकत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका गाण्यात घुंगरू आले आणि बाबांचं बोट वर झालं नाही. मी जिंकले आणि ते चहा आणायला उतरले. पुढच्या खेपेला त्यांचं संतूर राहिलं. मग ट्रँगल. सारंगी, चेलो, तबला ते माझ्याआधी पकडत होते. सुटत होतं ते फक्त वरच्या पट्टीतलं, बारीक.

तेव्हापासून मी घरातही लक्ष ठेवू लागले. बाबा वकील आहेत. जेवताना ते सांगायचे, की आजकालचे साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि उलटतपासणीत प्रश्न दोनदा विचारावा लागतो. आई म्हणायची, “माझं तर तुमाले लग्नापासूनच ऐकू येत नाही.” ते हसायचे. मीही हसायची, आणि ते हसण्याआधी त्यांनी आईच्या ओठांकडे पाहिलं का, तेही बघायची. मोबाईलवर वाचलं, की वय झालं की उंच स्वर आधी जातात, आणि माणसाला वाटतं आपल्याला ऐकू येतंय, लोकच नीट बोलत नाहीत. ते वाचलं आणि मी स्क्रीन उलटी करून ठेवली.

पण मग मध्येच एखाद्या शनिवारी बाबा सगळं बरोबर सांगायचे. बासरी सुरू झाली रे झाली, की बोट वर. माझ्याबरोबरच, अगदी त्याच क्षणी. मी सुटल्यासारखी व्हायची. घुंगरांच्या वेळी त्यांचं लक्ष नसेल, मीच उगाच घाबरते, असं स्वतःला सांगायची. पुढच्या आठवड्यात स्वयंपाकघरात मिक्सर बंद झाल्यावरही ते मोठ्यानं बोलत राहिले, की पुन्हा सगळं सुरू.

त्यांना सरळ विचारणं मला जमत नव्हतं. आमच्यात आजारपण, पैसा, लग्न ह्या गोष्टी आईमार्फत होतात. बाबांशी मी गाण्यांबद्दल बोलते. म्हणून जे विचारायचं होतं तेही गाण्यातूनच विचारायचं ठरवलं.

आमचं एक अगदी ठरलेलं गाणं आहे. त्याच्या दुसऱ्या कडव्याआधी बासरी येते, उंचावरून जिना उतरल्यासारखी. त्याच गायिकेनं ते गाणं पुढे एका कार्यक्रमात गायलं होतं, ते मला इंटरनेटवर सापडलं. तिथे बासरीवाला नव्हता. तो सगळा तुकडा व्हायोलिनवर घेतला होता. सुरुवातीच्या टाळ्या संपल्यावरचा भाग तेवढा मी मोबाईलमध्ये कापून ठेवला. मला वाटत होतं, व्हायोलिन ऐकून बाबा चिडतील. हे काय लावलं म्हणून विचारतील. ते चिडावेत म्हणून मी आदल्या दिवसापासून देवाला सांगत होते.

बडनेरा मागे पडलं. मी ते लावलं. पहिलं कडवं झालं, ध्रुवपद झालं. तुकडा जवळ येऊ लागला तसा मी गाडीचा वेग कमी केला. व्हायोलिन सुरू झालं.

बाबांचं बोट वर झालं.

“बासरी,” ते म्हणाले. “पाह्य कशी उतरून राहिली.”

मी हो म्हटलं. समोर एक ट्रक होता, त्याला ओलांडायचं सोडून मी बराच वेळ त्याच्या मागेच चालवत राहिले. त्यांच्यापर्यंत काय पोचत होतं कोण जाणे. बाकीचं ते आठवणीतून भरत होते, आणि तेही इतकं आवडीनं.

मूर्तिजापूरला चहा मीच आणला. बाबा म्हणाले, तू कुठं हरली. मी ग्लास त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या समोर उभं राहून सांगितलं, की ती बासरी नव्हती.

“मंग?”

“व्हायोलिन.”

ते चहा फुंकत राहिले. मला वाटलं, हेही ऐकू आलं नसेल, पुन्हा सांगावं लागेल. मग ते म्हणाले, “बासरीवाला सुट्टीवर होता वाटते.” मी हसले नाही. त्यांनी ग्लास गाडीच्या टपावर ठेवला.

“तुह्या आईले सांगू नको एवढ्यात.”

“डॉक्टरांना दाखवू या.”

“अमरावतीत नको.” ते लगेच म्हणाले, म्हणजे हा विचार त्यांनी आधीच करून ठेवलेला होता. “मी कानाच्या डॉक्टरकडे बसलेलो दिसलो, का संध्याकाळपर्यंत बार रूमले माहीत. ज्या वकिलाले ऐकूच येत नाही त्याले कोण केस देईन?”

म्हणून अकोला. पुढच्या शनिवारची वेळ मी घेतली. आत्याला सांगितलं, की चष्म्याचं काम आहे, जेवायला उशीर होईल. ती म्हणाली, वकीलसाहेबाले आता कायदा दिसत नाही वाटते.

दवाखान्यात कानाचा पडदा वगैरे पाहून डॉक्टरांनी ऐकण्याची तपासणी करायला सांगितली. काउंटरवरच्या बाईंनी पेशंट कोण म्हणून विचारलं. मी हळूच सांगितलं. त्यांनी ते मोठ्यानं परत म्हटलं, ऐकू कोणाला येत नाही, तुम्हाला का बाबांना? बाकावरचे सगळे वळले. बाबा पेपर वाचत होते. नीट पाहिलं तर कालचा पेपर होता.

तपासणी करणारी मुलगी माझ्याच वयाची असावी. ती बाबांना काका म्हणाली, ते मला आवडलं. खोली लहान होती, भिंतींना जाड फोम लावलेला. तिनं बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. बारीक, अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं, म्हणाली. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर, तिच्या जरा मागे बसले. मशीन माझ्या समोर होतं, बाबांकडे त्याची पाठ. ती आवाज सोडायची तेव्हा मशीनवर एक छोटा दिवा लागायचा. मला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. मी दिव्याकडे बघत होते.

दिवा लागला. बाबांनी बटण दाबलं. पुन्हा लागला, पुन्हा दाबलं. मधे ती मुद्दाम थांबायची, तेव्हा बाबाही थांबायचे. मला रडू येईल असं वाटलं. काहीच झालेलं नव्हतं. त्या व्हायोलिनचंच रेकॉर्डिंग खराब असेल. मी मनातल्या मनात आईला सांगायलाही सुरुवात केली.

मुलीनं कपाळाला आठी घातली. एक बटण फिरवलं, दिवा लागला, बाबांनी दाबलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग ते जिकडे बघत होते तिकडे वळून पाहिलं. तिकडे मी होते.

“ताई, तुम्ही जरा बाहेर बसाल का? काका तुमच्याकडे बघून दाबताहेत.”

मी म्हटलं, मी तर काहीच केलं नाही. मान हलवली नाही, खूण केली नाही.

“नाही हो,” ती म्हणाली. “पण दिवा लागला की तुमचा चेहरा बदलतो.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं तेव्हा गाडीतले ते सगळे शनिवार कळले. मला वाटायचं, बाबा माझ्या बाजूच्या खिडकीतून शेतं बघताहेत. बासरी माझ्या चेहऱ्यावर यायची आणि ते बोट वर करायचे.

बाबांनी एका कानावरचा हेडफोन सरकवून काय झालं म्हणून विचारलं. तिनं सांगितलं. ते माझ्याकडे बघेनात. हातातलं बटण त्यांनी उगाच अंगठ्यानं पुसलं.

“राहू द्या न तिले इथंच,” ते म्हणाले. कोर्टात मी त्यांना पाहिलेलं आहे. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. “भिंतीकडे तोंड करून बसीन ती.”

मुलगी संकोचली. ती कदाचित हो म्हणाली असती. मलाही तेच हवं होतं. भिंतीकडे तोंड करून का होईना, आत राहावं, अजून एक शनिवार तसाच जाऊ द्यावा. मी उठले आणि बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, म्हणजे माझे ओठ दिसतील.

“बाबा, मी बाहेर बसते. जे ऐकू येईल तेवढंच दाबा.”

दार अर्धं उघडं होतं. मी किती मोठ्यानं बोलले ते बाकावरची माणसं माझ्याकडे बघू लागली तेव्हा समजलं. बाबांनी मान हलवली आणि हेडफोन पुन्हा कानावर ओढला.

मी बाहेर आले. दार जाड होतं, ओढून लावावं लागलं. ते लागल्यावर आतलं मला काहीच ऐकू आलं नाही.