ओढ्यापलीकडे नेलेलं घर

"रेघ मारणाऱ्यांनी आधी एक झाड तोडून दाखवावं," असं केझाया पर्डम येता-जाता म्हणायची.

केंटकीच्या डोंगरात ती नवऱ्याबरोबर आली तेव्हा तिथं ना परगणा होता, ना कोर्ट, अस्वलं होती. पुढं माणसं वाढली आणि परगणा झाला. मग एकाचे दोन झाले, हद्द डोंगराच्या धारेवर आली. दोनाचे तीन झाले, तशी हद्द उतरून ओढ्यात आली. केझाया जागची हलली नव्हती, तरी तिचं घर तिसऱ्या परगण्यात जाऊन पडलं होतं.

तोवर नवरा गेला होता, मुलगा-सूनही तापानं गेले होते. उरली होती नात, डॉर्कस. बाप नसलेलं पोर सज्ञान होईपर्यंत कोर्टानं कुणाच्या तरी घरी कामाला बांधून द्यायचं, ही तिथली रीत. जुने न्यायाधीश केझायाला ओळखून होते. त्यांनी कधी विषय काढला नाही. नव्यांना मात्र आपलं राज्य आलंय हे दाखवायचं होतं. त्यांनी डॉर्कसला हॉबसनच्या खाणावळीत बांधून दिलं. शनिवारी शिपाई न्यायला येणार होता.

बातमी शेजारच्या जुबाल ग्रिझमनं आणली. केझाया बियाण्याचा मका सोलत होती.

"ओढ्यापलीकडचं शेत माझंच ना रे?"

"तुझंच, काकू. पण तो परगणा वेगळा, जुन्या न्यायाधीशांचा. आणि तिथं घर कुठंय?"

"हे काय. उचला."

जुबाल हसला. "घर म्हणजे काय भोपळा आहे?"

"तुझं घर उभं केलं तेव्हा चारही कोपरे माझ्या नवऱ्यानं सांधले. तू नुसताच माझी दारू पीत बसला होतास."

त्या खोऱ्यात ओंडक्यांचं घर सगळ्यांनी मिळून एका दिवसात उभं करायचं असतं. बोलावल्यावर नाही म्हणणारा पुन्हा कुणाच्या दारात उभा राहू शकत नाही. शुक्रवारी उजाडताच माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. छपराच्या फळ्या उतरल्या, कुठला ओंडका कुठं बसायचा याच्या खुणा कोळशानं केल्या, ओंडके बैलांनी ओढ्यातून ओढले आणि पलीकडं पुन्हा रचले. घाईत एक घोळ झाला. डोंगराकडचं दार ओढ्याकडं तोंड करून बसलं. जुबाल खजील झाला.

"राहू दे," केझाया म्हणाली. "येणाऱ्याला तोंडावर बंद करता येईल."

शनिवारी शिपाई इरा स्टँपर आला, तर जागेवर पायाचे दगड आणि राख. केझाया पलीकडं कुदळ मारत होती, डॉर्कस तिच्यामागं बी टाकत होती.

"केझायाकाकू, घर कुठं गेलं?"

"परगणे फिरतात, घरानं का फिरू नये?"

"पोरगी न्यायचा हुकूम आहे मला."

"कुठल्या परगण्याचा?"

इरानं घोडा पाण्याच्या काठापर्यंत आणला. "घोडा एका उडीत येईल, काकू."

"ये की. इकडचा शिपाई कालच माझ्याकडं जेवून गेलाय. दुसऱ्याच्या हद्दीत पोरं उचलणाऱ्याचं काय करायचं, ते त्याला चांगलं माहीत आहे."

"आणि पुढच्या वर्षी रेघ परत सरकली तर?"

"ओंडक्यांवर कोळशाच्या खुणा अजून आहेत. बैलही धडधाकट आहेत."

एवढं बोलून तिनं कुदळ खांद्यावर टाकली, नातीला पुढं घातलं आणि चढ चढू लागली. मागं वळून पाहिलं नाही. छपरावर फळ्या ठोकणारा जुबाल हातोडा धरून तसाच थांबला होता. ओढ्याच्या अलीकडं घोडा पाणी पीत होता, आणि इरा ती झाडांत दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता.