चाचांनी वाचलेल्या अटी

अमरावतीच्या ज्या छोट्या कंपनीत मला पहिली नोकरी लागली, तिथे आम्ही दुकानदारांसाठी प्रोग्रॅम लिहायचो. तो बसवायला कोणीतरी स्वतः जायचं, फायली हाताने कॉपी करायच्या आणि एखादी विसरली की पुन्हा बस पकडायची. कंटाळून साहेबांनी मला इन्स्टॉलर बनवायला सांगितलं. दुकानदाराने क्लिक केलं की सगळं आपापल्या जागी बसलं पाहिजे.

त्यासाठी एक तयार फ्रेमवर्क होतं. कोणती फाइल कुठे जाईल, कोणत्या पानावर काय विचारायचं, ते आपण लिहून द्यायचं. बांधाबांध ते करणार. माझ्या पहिल्या इन्स्टॉलरने नम्रपणे धन्यवाद म्हटलं आणि काहीच बसवलं नाही. पुढच्याने सगळ्या फायली डेस्कटॉपवर वाळवणासारख्या पसरल्या. शेवटी एकदाचा जमला, तेव्हा मी तो सगळ्या ऑफिसला चालवून दाखवला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे अकोल्यात, जठारपेठेतले एक चष्मेवाले. त्यांना सगळे चाचा म्हणत. लोकांच्या चष्म्यांचे नंबर साठवायला त्यांना प्रोग्रॅम हवा होता. पहिलीच वेळ म्हणून मी स्वतः गेले, पण माऊस त्यांच्याच हाती दिला. दुसऱ्या पानावर अटी आल्या. तिथे सगळे न वाचताच 'मान्य' दाबतात. चाचांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. जन्मभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेतलेला माणूस तो.

तेव्हा मला आठवलं. त्या पानावर काहीतरी मजकूर लागतो, म्हणून शिकताना मी माझ्या अंजनगावच्या बोलीत काहीबाही टाकलं होतं आणि बदलायचं राहून गेलं होतं.

"हे कोनी वाचत नाई," चाचा वाचत होते, "तुमी काहून वाचून राहिले? गुपचूप पुढं दाबा."

नंबर तपासायला आलेल्या एक बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"बेटा, मी तं वाचलं," चाचा म्हणाले. "आता मान्य करू का नको?"

मी माफी मागितली, नवा मजकूर पाठवते म्हणाले. ते म्हणाले, राहू दे, आजवर समजलेली ही पहिलीच अट आहे. त्यांनी 'मान्य' दाबलं. प्रोग्रॅम सुरू झाला. बाईंना तक्ता वाचायला लावून त्यांचा नंबर त्यांनी थेट त्यातच टाकला.

मग त्यांनी विचारलं, हे काढायचं कसं? आवडलं नाही का, म्हणून मी घाबरले. तसं नव्हतं. नवी फ्रेम ते गिऱ्हाइकाला घालून, काढून, पुन्हा घालायला लावत. तीच रीत इथेही. त्यांनी प्रोग्रॅम काढला. तो गेला, पण स्क्रीनवर त्याचं चिन्ह तसंच राहिलं.

"पाहुना गेला," चाचा म्हणाले, "चपला इथंच."

काढण्याचा भाग मी घाईत उरकला होता. त्यांच्याच काउंटरवर लॅपटॉप उघडून मी तो दुरुस्त केला आणि प्रोग्रॅम पुन्हा बसवला. पण बाईंचा नंबर प्रोग्रॅमबरोबरच गेला होता. त्या निमूटपणे खुर्चीत बसल्या आणि तक्त्यावरची अक्षरं पहिल्यापासून वाचू लागल्या.