भिंतीपलीकडचा ताल

तिसऱ्या केमोनंतर मी देवीशी बोलणं टाकलं. रागानंच टाकलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. तू आई म्हणवतेस ना, मग माझी दोन लेकरं ज्यावर वाढली तेच का नेलंस, असं मी देव्हाऱ्यासमोर उभी राहून विचारलं होतं. उत्तर आलं नाही. मग मीही दिवा लावायचं सोडलं आणि नवऱ्याला बजावलं, "चौथ्या केमोला मी यायची न्हाय. जगेन तेवढी जगेन, पण त्या खुर्चीत परत बसायची न्हाय." तो बिचारा नुसता दवाखान्याची फाइल घेऊन बसून राहिला.

खरं सांगायचं तर देवीपेक्षा माणसांचा राग जास्त होता. कामतघरला आमच्या गावदेवीच्या देवळात दर मंगळवारी दुपारी बायकांचं भजन असतं. बावीस वर्षं टाळ माझ्या हातात होते, म्हणजे लय माझ्या हातात. कुणी घाई केली की मी डोळे वटारायची. मी थांबले की अख्खं मंडळ थांबायचं. ऑपरेशननंतर डावा हात वर जाईना, टाळ सुटले, तेही मी सोसलं. पण केस गेल्यावर डोक्याला रुमाल बांधून देवळात गेले, तर मंडळाच्या प्रमुख मालतीताईंनी मला बाजूला घेतलं. "राग मानू नको गं, पण केस आले का ये. देवीपुढं असं डोकं बरं न्हाय दिसत." अगं बाई! स्तन गेला ते देवीला चाललं, आणि केस गेलेले चालत नाहीत? हे तिथंच तोंडावर बोलायला हवं होतं. बोलले नाही. घरी आले आणि गाणंच बंद केलं.

आमच्या स्वयंपाकघराची भिंत आणि रफिकभाईंच्या यंत्रमाग कारखान्याची भिंत एकच. पलीकडे दिवसभर माग चालतात, खटाक-खट, खटाक-खट. लग्न होऊन आले तेव्हापासून तो आवाज कानात आहे, पण केमोनंतर तो थेट डोक्यात घुसायला लागला. ओकून ओकून जीव नकोसा झालेला, त्यात हे. मी नवऱ्याला पिटाळलं. "सांग त्यांना, बाई मरायला टेकली हाय इथं, दुपारचे तरी बंद करा." माग थांबला की कारागिराचं पोट थांबतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तेव्हा मला कुणाच्या पोटाची पर्वा नव्हती. रफिकभाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. भिंतीलगतचे चार माग दुपारी दोन तास बंद ठेवायला लागले.

वाटलं, आता झोप लागेल. कसली झोप! दिवसा घर एवढं गप्प मी कधी ऐकलंच नव्हतं. त्या शांततेत मरणाशिवाय दुसरं काही सुचेना. दोन दुपारी मी छताकडे बघत काढल्या.

तिसऱ्या दुपारी दार वाजलं. कारखान्यात कांड्या भरणारी, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळून देणारी शबाना उभी होती. इतकी वर्षं भिंतीला भिंत, पण तिच्याशी मी कधी धड बोलले नव्हते. ती म्हणाली, "भाभी, मशीन तो बंद हो गई. आपका गाना क्यूँ बंद है?"

"कसला गाना?"

"बर्तन धोते टाइम गाती थीं ना. दीवार से आता है. हम लोग उसी पे हाथ चलाते थे."

माझं डोकंच फिरलं. "दम किधर है गाने को? दिखता नहीं क्या?" म्हणून मी तिच्यावर खेकसले. तिला राग आला नाही. रुमालाकडे तिनं पाहिलंही नाही. म्हणाली, "तो आधा गाओ. बाकी मशीन पूरा कर लेगी." आणि कामावर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हटलं, माग चालू करायला सांग. तो बघतच राहिला. "काल बंद, आज चालू. रफिकभाई खुळा म्हणतील मला!" पण गेला. माग सुरू झाले. मी रुमाल काढला, भिंतीला पाठ टेकून खाली बसले आणि आईच्या नावाचा गजर धरला. दुसऱ्या ओळीला दम संपला. देवळात मी थांबले की सगळं थांबायचं. इथं काहीच थांबलं नाही. खटाक-खट चालूच. श्वास आला तशी मी पुन्हा त्यात शिरले, पुन्हा सुटले, पुन्हा शिरले. आणि ढसाढसा रडले. बावीस वर्षं मी ताल धरून बसले होते आणि त्यालाच भक्ती समजत होते. कुणीतरी धरलेल्या तालात आपण नुसतं जायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

चौथ्या केमोला गेले. सलाइन चालू असताना उजव्या हाताची बोटं खुर्चीवर तोच ताल धरून होती, आणि ओठांत आईचं नाव. पाचवा झाला, सहावाही झाला. दिवा पुन्हा लावते. देवीशी भांडण मिटलेलं नाही, पण आता भांडण तरी होतं, अबोला नाही. शबानाला तिनं पाठवलं का, मला माहीत नाही. दार वाजलं, एवढं खरं, आणि त्यासाठी मी दोघींच्या पाया पडायला तयार आहे.

परवा मालतीताई टाळ घेऊन आल्या. बोटभर केस आलेत माझे. "आता ये गं मंगळवारी." मी चहा दिला आणि सांगितलं, "मंगळवारी दुपारी मला वेळ न्हाय ताई. मी गात असते."

दम अजूनही मध्येच तुटतो. तुटू दे. पलीकडे माग चालू असतात.