बिसेन सरांचं पर्यावरणपूरक घर

स्टाफरूममधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मधल्या सुट्टीत चहा यायला उशीर होतो, तेवढ्यात कुणीतरी विचारतं, "काय मग, बिसेन सरांच्या घरी काय नवीन?" आणि एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. देवरीच्या शाळेत माझी सगळी नोकरी झाली आणि त्यातली निम्मी करमणूक बिसेन सरांनी फुकट केली. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे माझा माल अस्सल!

बिसेन सर विज्ञान शिकवायचे. लोडशेडिंगचे दिवस होते. सर नागपूरला कसल्याशा ट्रेनिंगला गेले आणि येताना एक सोलर कुकर आणि एक प्रतिज्ञा घेऊन आले: "आपलं घर पर्यावरणपूरक करायचं!" प्रतिज्ञा सरांची, स्वयंपाकघर मात्र कौतिकावहिनींचं. वहिनींनी कुकरचं झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात भाताची पेज कशी काढू जी?"

आमच्याकडे पेज काढल्याशिवाय भाताला भात म्हणत नाहीत. सर म्हणाले, "ह्याच्यात पेज काढाच लागत नाई. सगळं सत्त्व आतच राहते."

"मंग ते सत्त्व तुमीच खा!"

सर आठवडाभर गिचका भात खात होते.

* * *

मग सरांनी स्टाफला जेवायला बोलावलं. दाळ सोलरवर होणार, ही जाहिरात शाळेत आधीच झाली होती. आम्ही पोहोचलो आणि आभाळ भरून आलं. सर गच्चीवर कुकरचा आरसा इकडे फिरव, तिकडे फिरव. आमच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेवटी सर हातपाय धुवायला खाली गेले, तेवढ्यात वहिनी पदराखाली गंज झाकून वर आल्या. त्यांनी कुकरमधली कच्ची दाळ काढून घेतली आणि गंजातली गरम दाळ त्यात ओतली.

"गॅसवर शिजवली, भाऊजी. त्याइले नोका सांगू. सकारपासून सूर्याले धरून बसले हायेत बिचारे."

सर वर आले. झाकण उघडलं, वाफ निघाली. पहिला घास घेऊन मला म्हणाले, "बघा मेश्राम सर! उन्हाच्या दाळीची चवच वेगळी!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. हेडसरांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतली!

* * *

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत, म्हणजे इडापिडेचा पुतळा, निघते. वस्तीतली पोरं तिला ओढत शिवेबाहेर नेतात, आणि घराघरातून लोक आपल्याला नको ते तिच्या गळ्यात घालतात. खोकला, ताप, डास, जे नको असेल ते ओरडून सांगायचं. त्या वर्षी वहिनी दारात आल्या आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! अना ह्या सोलरचा डब्बा घेऊन जाय गे मारबत!"

गल्ली हसून लोळली. सर मात्र गंभीरपणे मला म्हणाले, "लोकांची मानसिकता बदलायला वेळ लागतो." कुकर माळ्यावर गेला.

* * *

वीज वाचवायचं तर सरांना व्यसनच लागलं. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की हात आपोआप बटणाकडे जायचा. एकदा हेडसरांकडे चहाला गेलो. चहा झाला, हेडसर आत गेले. निघताना सरांनी सवयीने पटापट सगळी बटणं बंद केली. आतून आवाज आला, "अरे, मी दाढी करून राहिलो!"

"सर, मग आवाज देत राहायचा ना. वीज वाया जाते!"

दुसऱ्या दिवशी हेडसर हनुवटीवर पट्टी लावून प्रार्थनेला उभे होते. सगळा स्टाफ खाली मान घालून प्रार्थना म्हणत होता.

* * *

नंतर गांडूळखत आलं. मे महिन्याचं आमचं ऊन म्हणजे सांगायलाच नको. गांडुळं मरतील म्हणून सरांनी ओली पोती घातली, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा घरातला एकुलता एक कूलर मागच्या पडवीत गांडुळांकडे तोंड करून लावला. नेमका तेव्हाच वहिनींचा भाऊ कामठ्याहून मुक्कामाला आला होता!

"गांडुळाइले कूलर अना माया भावाले हातपंखा?" वहिनी म्हणाल्या. "त्यानं पडवीत जाऊन झोपाव का?"

भाऊ खरंच पडवीत जाऊन झोपला. त्या पोळ्याला मारबतीला काय न्यायला सांगितलं असेल, ते ओळखाच.

* * *

शेवटचा प्रयोग गोबरगॅसचा. घरी दोन म्हशी होत्या, शेणाला तोटा नव्हता. पण थंडीत तो पेटेचना. सरांनी ऊब राहावी म्हणून टाकीवर तणसाचं पांघरूण घातलं. वहिनी बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गांडुळाइले कूलर, शेनाले पांघरून! माया नंबर कदी लागते जी?"

सर त्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "मेश्राम सर, हे जमलं नाही तर मी सगळं सोडून देतो. एकदा तरी तिनं चांगलं म्हणावं, एवढंच होतं." त्या दिवशी कुणी हसलं नाही. मलाही फार वाईट वाटलं.

उन्हाळ्यात गोबरगॅस सुरू झाला. चहा, भात, दाळ, सगळं त्यावर. पेजही निघायची. सर रोज विचारायचे, "कसा जळते?" वहिनी म्हणायच्या, "जळते." एवढंच! सर शाळेत येऊन सांगायचे, "आजही 'जळते' म्हणाली." इकडे सिलिंडर यायला उशीर होऊन गल्लीतल्या बाया रोज रस्त्याकडे डोळे लावून बसत होत्या. वहिनी त्यांच्यात दिसत नव्हत्या, पण तोंडाने कबूल काही करत नव्हत्या.

पोळा झाला. मारबतीच्या सकाळी सर बाहेर यायलाच तयार नव्हते. मीच ओढून आणलं. मारबत दारासमोर आली. गल्ली कान टवकारून उभी होती. वहिनींनी पदर खोचला.

"खासी-खोकला घेऊन जाय गे मारबत! माश्या-मच्छर घेऊन जाय गे मारबत!"

मग त्या थांबल्या. सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले.

"अना तो लाल सिलिंडर घेऊन जाय गे मारबत!"

कुणी हसलं नाही. सरांनी डोळे उघडले. ते भरून आले होते. मारबत पुढे गेली, पोरं ओरडत तिच्यामागे वळणापर्यंत पोहोचली, तरी सर तिथेच उभे. मग एकदम आनंदाने म्हणाले, "कौतिका! म्हणजे माळ्यावरचा सोलर कुकर काढू?"

वहिनी पदर सावरत गल्लीतून धावत सुटल्या.

"थांब गे मारबत, थांब! एक राहिलं!"