पोटातल्याची आई

सदर भागातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईंना मोठ्यांची नावं चालत नाहीत. वकील असो की ठाणेदार, "विहानचे पप्पा, चप्पल बाहेर काढा," एवढीच त्याची ओळख.

सातव्या महिन्यात मी तिथे पहिल्यांदा गेले. बाळाच्या आधी डॉक्टर पारखून ठेवावा, हे माझं शिकलेलं मत. घराण्यातली पहिली एम.कॉम. मी, पदवीसकट नाव सांगितलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पेशंटचं नाव सांगा."

"पेशंट अजून यायचाय."

"मंग त्याले येऊ द्या. तुम्ही काहून आल्या?"

"डॉक्टर कसे आहेत, ते पाहायला."

"पोरगी पाहाले येतात तसं?" बाकावरच्या साऱ्या आया हसल्या.

पण डॉक्टरांना भेटल्याशिवाय मी उठणार नव्हते. त्यांच्यातच जाऊन बसले. सगळी पोरं आटोपल्यावर बाईंनी खणखणीत हाक मारली, "पोटातल्याची आई, या वं आत."

डॉक्टर पसंत पडले. मुलगी आता शाळेत जाते, तिला चांगलं निवडून ठेवलेलं नाव आहे. बाई मात्र अजून तीच हाक मारतात, आणि घराण्यातली पहिली एम.कॉम. निमूट उठते.